आरोंद्याच्या खाडीत काय पिकवायचं आणि ते गोवा-कारवारशी कसं जोडायचं

प्रश्न असा आहे: सावंतवाडी तालुक्यात आरोंद्याच्या बाजूला एका ग्रामसंघात बारा बचत गट आहेत. खाडीपलीकडे गोव्यात पेडण्याला त्यांची सोयरीक आहे, कर्नाटकात कारवारकडे ओळखी आहेत. कुणी त्यांना खेकडापालन सुचवलंय, कुणी पर्यटन, कुणी 'तिन्ही भागांचा मिळून एक हरित ब्रँड'. असं काही खरंच उभं राहतं का, सुरुवात कशाने करावी आणि कारवारवाल्यांना आत्ताच सोबत घ्यावं का, असं ग्रामसंघाच्या ताई विचारतात.

ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेत. एक, खाडीतून काय पिकवायचं. दुसरा, राज्याची हद्द ओलांडून ते कसं चालवायचं. दुसऱ्या प्रश्नावर बैठका होतात, चिन्ह ठरतं, फलक लागतो आणि पहिला तसाच राहतो. माझं मत सांगून टाकतो: उत्पादन प्रत्येकाने आपापल्या खाडीत, आपापल्या राज्याच्या कागदांवर करावं. एकत्र करण्यासारख्या गोष्टी तीनच आहेत. बियाचं आणि पाण्याचं वेळापत्रक, माल स्वच्छ असल्याचा पुरावा आणि कोण कधी काय विकणार याची वाटणी. बाकी सगळं एकत्र करायला गेलात तर कागदातच अडकाल.

याचं कारण पैसा कसा येतो त्यात आहे. महाराष्ट्राची कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना २०१७ची, ती महाराष्ट्रापुरती. ग्रीन क्लायमेट फंड या हवामानबदलासाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीकडून २०१८मध्ये मंजूर झालेला किनारी समुदायांचा प्रकल्प महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशासाठी होता. त्यात सिंधुदुर्ग होता, गोवा आणि कर्नाटक नव्हते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना केंद्राची खरी, पण अर्ज ज्या त्या राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यातूनच जातो. तुमचे गट राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाखाली, म्हणजे 'उमेद'खाली, कर्नाटकातले 'संजीविनी'खाली, गोव्याचं अभियान वेगळं. म्हणजे अनुदानाचा एकही रुपया तेरेखोल नदी ओलांडत नाही. पाणी ओलांडतं, शिंपल्यांचं बी ओलांडतं, गिऱ्हाईक ओलांडतं. जे ओलांडतं त्याचंच एकत्र नियोजन करायचं.

आता माल. खेकडापालन सगळ्यांना आधी सुचवलं जातं, कारण भाव चांगला मिळतो. पण त्याचे दोन प्रकार वेगळे धरा. पिल्लं आणून आठ-नऊ महिने वाढवणं हा एक. पोकळ, म्हणजे नुकती कात टाकलेला आणि आत पाणीच जास्त असलेला खेकडा घेऊन तीन-चार आठवड्यांत भरवणं हा दुसरा. नवख्या गटाला दुसराच झेपतो. पण दोन्हींत खाद्य लागतं, रोज वजनाच्या पाच ते दहा टक्के, आणि ते बहुतेक ठिकाणी ट्रॉलरमधून येणारी कचरामासळी असते. त्यात माशांची कोवळी पिल्लं जातात. म्हणजे कांदळवन वाचवण्याच्या नावाखाली समुद्रातलं पिल्लू खेकड्याला घालायचं. याला हरित म्हणणं मला जमत नाही. खाद्य म्हणून खाडीतलेच फुटके शिंपले आणि मासळी साफ केल्यावर उरणारं डोकं-आतडं वापरता आलं तरच खेकडे करा, आणि तेही दुसऱ्या टप्प्यात.

पहिल्या टप्प्यात शिनाणे (खडकाला चिकटणारे हिरवे शिंपले, इंग्रजीत मसल) आणि कालवं. दोघांनाही खाद्य घालावं लागत नाही, पाण्यातले सूक्ष्म वनस्पतीकण गाळून ती वाढतात. कांदळवनाला हात लावावा लागत नाही, उलट ते असेल तर पाणी सकस राहतं. खणावं लागत नाही, वीज लागत नाही. गोव्यात दोन्हींना गिऱ्हाईक आहे आणि बायकांना हा माल आधीपासून माहीत आहे. केरळात कासरगोडजवळ पडन्ना भागात बायकांच्या गटांनी नव्वदच्या दशकापासून दोरीवर शिनाणे घेतलेत. सिंधुदुर्गातही संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने चाललेल्या सागरी जैवविविधता प्रकल्पात दोन्हींचे प्रयोग झाले. म्हणजे तंत्र नवं नाही. अडतं ते जागेवर, वेळेवर आणि विक्रीवर.

जागा योग्य आहे की नाही हे मी इथून सांगू शकत नाही, ते चार गोष्टींवर ठरेल. पहिली क्षारता. शिनाण्यांना दर हजारी २५ ते ३५ भाग मीठ लागतं. १५च्या खाली पाणी बरेच दिवस राहिलं की वाढ थांबते आणि मग मर सुरू होते. कालवं दहा-बाराही सोसतात. आरोंदा मुखापासून आत आहे, त्यामुळे तिथे शिनाण्यांचा हंगाम मुखाजवळच्या जागेपेक्षा आखूड असणार, हे धरूनच चाला. पाण्यातलं मीठ मोजणारा, हातात धरायचा एक रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि ऑक्टोबर ते मे दर पंधरा दिवसांनी नोंद करा. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) आणि भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवशी, भरती पूर्ण झाल्यावर आणि सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, तळाला, अशा चारही वेळा. फक्त भरतीचं पाणी मोजलंत तर आकडा नेहमी छान येईल आणि माल मरेल.

दुसरी खोली. उधाणाच्या सुकतीतही किमान दीड-दोन मीटर पाणी उरायला हवं, नाहीतर दोरीचं टोक चिखलाला लागतं आणि खालून खेकडे चढून शिनाणे फोडतात. तिसरी गाळ. तुमच्या बाजूला रेडी परिसरात लोहखनिजाच्या खाणी आहेत. पावसाळ्यानंतर पाणी किती दिवसांत निवळतं ते पाहा. पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली लिहून ठेवायची, एवढं पुरे. चौथी गोष्ट सांडपाणी. तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहितो, कारण सगळा व्यवहार तिच्यावर तरतो किंवा बुडतो.

एका मांडवाचा हिशोब असा धरा. मांडव पाच मीटर बाय पाच मीटर. उभे खांब १६, म्हणजे चार ओळींत चार-चार, बांबूचे किंवा सुरूचे, चिखलात किमान मीटरभर रोवलेले. त्यावर चार आडवे आधार आणि त्यांच्यावर काटकोनात दहा आडव्या काठ्या. प्रत्येक काठीला अर्ध्या-अर्ध्या मीटरवर दहा दोऱ्या, एकूण शंभर. दोरी १२ ते १४ मिलिमीटर जाडीची नायलॉनची, प्रत्येकी दीड मीटर: मीटरभर बी लावलेली, उरलेली बांधायला. म्हणजे दीडशे मीटर दोरी. बी २० ते २५ मिलिमीटर लांबीचं, मीटरला एक ते दीड किलो, म्हणजे मांडवाला १०० ते १५० किलो. बी गुंडाळायला मच्छरदाणीसारखं विरळ सुती कापड. मीटर पन्ह्याचं २५ मीटर घेऊन त्याच्या २५ सेंटिमीटर रुंदीच्या चार पट्ट्या उभ्या फाडल्या की शंभर मीटर होतात.

बी लावताना पट्टी जमिनीवर पसरायची, त्यावर बी सारखं टाकायचं, मध्ये दोरी ठेवायची आणि दोन्ही कडा जवळ आणून शिवायच्या. कापड दोन-तीन दिवसांत कुजायला लागतं, तोवर शिनाण्यांनी आपले धागे दोरीला चिकटवलेले असतात. इथे कापड सुतीच हवं. टेरीकॉट मिसळलेलं कापड कुजत नाही, आत बी गुदमरतं. दोरी गुळगुळीत असेल तर बी घसरून खाली गोळा होतं. त्यासाठी दर वीस-पंचवीस सेंटिमीटरला दोरीच्या पिळात बोटभर बांबूची काडी आडवी अडकवा. बी गोळा केल्यापासून दोरी पाण्यात सोडेपर्यंतचं सगळं काम एका दिवसात, सावलीत उरका. बी ओल्या गोणपाटात न्यायचं, बादलीतल्या साचलेल्या पाण्यात नाही. बादलीत प्राणवायू संपतो आणि संध्याकाळी लावलेलं बी दोरीवर मेलेलंच जातं.

केरळच्या चांगल्या खाडीत मीटरला आठ-दहा किलो निघतात. तुम्ही पहिल्या वर्षी पाच धरा, म्हणजे मांडवाला ५०० किलो. त्याहून जास्त धरून कर्ज घेऊ नका. दोन महिन्यांनी दोऱ्या वर काढून बघायच्याच. दाटी झाली असेल तर बाहेरचा थर काढून नव्या दोरीवर लावायचा. हे काम गट टाळतात, कारण माल तर छान दिसत असतो. पण आतले शिनाणे उपाशी राहून धागे सोडतात आणि एका रात्रीत अख्खा घोस तळाला जातो. दुसरा शत्रू खांब पोखरणारा किडा. तो बाहेरून दिसत नाही, म्हणून महिन्याला एकदा प्रत्येक खांब हलवून बघा आणि तीन-चार जादा खांब काठावर तयार ठेवा.

कालवांचं वेगळं. जुन्या कालवांच्या शिंपांना भोक पाडून मीटरला पाच, अशा माळा करायच्या. एक शिंप, मग पंधरा-वीस सेंटिमीटर दोरी, मग दुसरी शिंप. त्या लटकवल्या की पाण्यात तरंगणारी पिल्लं त्यांवर आपोआप बसतात. पण केव्हा बसतात ते प्रत्येक खाडीचं वेगळं असतं. ते कळायला पावसाळा ओसरल्यापासून दर पंधरा दिवसांनी फक्त दोन चाचणीच्या माळा सोडा आणि भिंगाने पिल्लं मोजा. आकडा एकदम चढला की त्या आठवड्यात सगळ्या माळा सोडायच्या. महिनाभर आधी सोडल्या तर शिंपांवर शेवाळ आणि बार्नेकल (घट्ट चिकटणारे कवचाचे बारीक जीव) बसतात, पिल्लांना जागाच उरत नाही. विक्रीच्या आकाराला बारा ते अठरा महिने लागतात, म्हणजे मधला पावसाळा काढावा लागतो. गोड्या पाण्यात कालवं तोंड मिटून तग धरतात, पण गाळाखाली गाडली गेली तर मरतात. म्हणून जूनच्या आधी माळा वर उचलून बांधा.

एकत्र करायची पहिली गोष्ट इथे येते. शिनाण्यांचं बी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून खडकांवर दिसू लागतं. वेंगुर्ल्याचा खडक, पेडण्याचा खडक आणि कारवारची बेटं यांत एकाच आठवड्यात सारखं बी नसतं. कुठे दाट, कुठे काहीच नाही. तिन्हीकडच्या एकेका बाईने दर अमावास्या-पौर्णिमेला ओहोटीच्या वेळी जाऊन, हाताच्या वीतभर चौकोनात किती बी आहे ते मोजून, पट्टी ठेवून फोटो काढून गटावर टाकला, तर दोन हंगामांत तुमच्याकडे अशी नोंद होईल जी कोणत्याही खात्याकडे गावपातळीवर मिळणार नाही. खर्च शून्य.

पण त्याच खडकांवर पिढ्यान्पिढ्या शिनाणे काढून विकणाऱ्या बायका आहेत. तुम्ही बी खरवडून नेलंत तर त्यांचा मार्च-एप्रिलचा माल गेला. भांडण ठरलेलं, आणि त्यात त्या बरोबर असतील. नियम आधीच करा: खडकाच्या दर तीन भागांतला एक भाग अजिबात शिवायचा नाही, बी हातानेच विरळ काढायचं, कोयता-पहार नाही, आणि दुसऱ्या राज्याच्या खडकावरून बी आणायचं ते तिथल्या गटाकडून विकत. फुकट नाही आणि रात्री तर नाहीच. असे नियम कागदावर राहत नाहीत याचं उदाहरण केरळातल्या अष्टमुडी सरोवराचं. तिथल्या शिंपल्यांच्या मासेमारीला जाळ्याची आस किमान ३० मिलिमीटर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी असे नियम पाळून २०१४मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या शाश्वत मासेमारी तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं, भारतात पहिलं. प्रमाणपत्राच्या मागे तुम्ही आत्ता लागू नका, ते खर्चिक असतं. नियमांची रीत मात्र घ्या.

आता विक्री. इथे बहुतेकांचा हिशोब कागदावर बरोबर आणि बाजारात चूक येतो. नोव्हेंबरमध्ये लावलेले शिनाणे एप्रिल-मेमध्ये तयार होतात. गोव्याच्या हॉटेलांना माल हवा असतो तो नाताळ ते फेब्रुवारी. तुमचं पीक येतं तेव्हा पर्यटक ओसरलेले असतात आणि पाऊस डोक्यावर असतो. जूनमध्ये गोडं पाणी आलं की थांबताही येत नाही, म्हणून व्यापारी मेच्या तिसऱ्या आठवड्यात भाव पाडतो. याला तोड दोन. एक, डिसेंबरचा बाजार कालवांनी धरायचा. या नोव्हेंबरात धरलेली कालवं पुढच्या डिसेंबर-जानेवारीत विकायला येतात. दोन, शिनाण्यांचं गिऱ्हाईक हॉटेल नाहीच असं धरून गोव्यातल्या घरांकडे जायचं. मे महिन्यात तिथे पुरुमेंताची खरेदी चालते, आपल्याकडच्या पावसाळी बेगमीसारखी. त्या वेळी शिनाण्यांचं लोणचं बरणीत बसवून विकता येतं. वाफवून काढलेलं मांस जिवंत मालाच्या वीस-पंचवीस टक्के धरा. म्हणजे ५०० किलोच्या मांडवातून शंभर-सव्वाशे किलो. जिवंत मालातला अर्धा एप्रिलपासून थोडा-थोडा ताजा विकायचा, अर्धा लोणच्याला. सगळा एकदम काढायचा नाही.

वाटणीचा मुद्दाही, म्हणजे एकत्र करायच्या तिनांतली शेवटची गोष्ट, इथलाच. पेडण्याच्या गटाला गोव्याच्या बाजारात बसायला सोपं, तुम्हाला उत्पादनाला जागा आणि अनुदान सोपं. मग तिकडच्या गटाने लोणच्याचा आणि विक्रीचा भाग घ्यावा, तुम्ही मालाचा. दोघींनी दोन्ही करायला गेलात तर म्हापशाच्या बाजारात एकमेकींचा भाव पाडाल. दर हंगामाआधी, ऑक्टोबरमध्ये, दर ठरवा: काठावर जिवंत मालाचा किलोचा दर, नाकारलेल्या मालाची भरपाई कोणाची, पैसे किती दिवसांत. एका पानावर, सह्या करून. नात्यात व्यवहार असला की हे पान लिहायला लाज वाटते, पण लिहा.

सांडपाण्याचं आता सांगतो. शिनाणा दिवसभर पाणी गाळतो, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात साठतं. तुमच्याकडे होमस्टे वाढतायत, पलीकडे शॅक आणि हॉटेलं आहेत. खाडीकाठच्या घराचा शोषखड्डा भरतीत भिजला की त्यातलं पाणी सुकतीबरोबर खाडीत येतं. पर्यटन आणि शिंपलेशेती दोन्ही 'हरित' म्हणून एकाच अहवालात शेजारी-शेजारी छापतात, प्रत्यक्षात एक दुसऱ्याला मारू शकतं. म्हणून मांडवाची जागा वस्तीच्या आणि हॉटेलांच्या प्रवाहात खाली नको. पाणी कुठून कुठे जातं ते पाहायला सुकती सुरू होताना वस्तीपाशी चार-पाच सुके नारळ सोडा आणि होडीतून त्यांच्या मागे जा. ते तुमच्या मांडवाजवळून गेले तर जागा बदला.

मग तपासणी. मांसाचा नमुना बर्फाच्या पेटीत, बर्फाला थेट न टेकवता, चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा आणि ई-कोलाय या विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूची संख्या मागवा. युरोपातला मापदंड समजायला सोपा आहे: १०० ग्रॅम मांसात २३०पर्यंत असेल तर थेट खाण्यायोग्य, त्याहून जास्त आणि ४,६०० पर्यंत असेल तर शुद्ध करूनच. ऑक्टोबरात पाऊस पडल्यानंतर एकदा आणि जानेवारीत पर्यटकांची गर्दी असताना एकदा नमुना द्या. वाईट दिवसाचा नमुना दिलात तरच तो उपयोगाचा. शुद्ध करणं म्हणजे चोवीस तास स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवणं. पाणी गाळलेलं आणि अतिनील दिव्याखालून फिरवलेलं, शिनाणे तळाला न टेकता जाळीच्या क्रेटमध्ये, बारा तासांनी टाकी रिकामी करून तळाची घाण धुऊन पुन्हा भरायची. याने जिवाणू कमी होतात. विषाणू पुरते जात नाहीत, जड धातू आणि शेवाळाचं विष तर मुळीच नाही. म्हणून पाण्याला लाल, तपकिरी किंवा विचित्र हिरवा रंग आला की काढणी बंद, मत्स्यव्यवसाय खात्याला कळवायचं आणि चाचणी झाल्याशिवाय एकही किलो विकायचा नाही. ते विष उकळून जात नाही, हे गटातल्या प्रत्येकीला माहीत हवं.

ही टाकी हीच एकत्र करायची दुसरी गोष्ट. प्रत्येक गटाची वेगळी टाकी परवडत नाही. एक हजार-दोन हजार लिटरची एकच, वीज आणि गाडीरस्ता असलेल्या बाजूला. कोणाचा माल, कोणत्या मांडवाचा, कधी आत गेला, कधी बाहेर आला याची एक वही. गिऱ्हाईक विचारेल तेव्हा वहीचं पान दाखवायचं.

हद्दीवर हा पुरावा किती लागतो ते २०१८मध्ये दिसलं. मडगावच्या बाजारात मासळीत फॉर्मेलिन हे टिकवण्यासाठीचं घातक रसायन सापडल्याचा वाद झाला. मग गोव्याने बाहेरून येणाऱ्या मासळीवर बंदी आणली आणि पुढे अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी आणि उष्णतारोधक गाडी अशा अटी घातल्या. मोठे पुरवठादार यातून निघाले. सिंधुदुर्गातले टेम्पोत पाट्या टाकून माल नेणारे अडकले. असं पुन्हा होऊ शकतं, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी पहिल्या हंगामातच करा, तुमची आणि पेडण्याच्या गटाची वेगवेगळी. लोणचं जिथे बनतं त्या जागेच्या नावाने नोंदणी लागते. गाडी नसेल तर झाकणाच्या उष्णतारोधक पेट्या चालतात का ते त्यांच्या कार्यालयातून लेखी विचारून ठेवा. जिवंत शिनाणे मात्र बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, गोड्या पाण्याने मरतात. खाली बर्फ, वर जाळी, त्यावर ओल्या गोणपाटात माल. टिचकी मारल्यावर जो मिटत नाही तो फेकायचा. वाफवल्यावर जो उघडत नाही तोही.

परवानग्यांमध्ये तुमची खास अडचण म्हणजे तेरेखोल नदी खालच्या भागात स्वतःच हद्द आहे, आणि मुखाशी तर उत्तर काठावरचं तेरेखोल गावही गोव्याचं आहे. मांडव नदीच्या कोणत्या बाजूला आहे यावर कोणाचं खातं, हे ठरतं. चारही कोपऱ्यांचे जीपीएस आकडे घेऊन अर्जाला जोडा. महाराष्ट्राच्या बाजूला मत्स्यव्यवसाय खातं, ग्रामपंचायत आणि होड्यांच्या वाटेसाठी मेरीटाईम बोर्ड. गोव्याच्या बाजूला तिथलं मत्स्य खातं आणि बंदरांचं खातं, म्हणजे कॅप्टन ऑफ पोर्ट्स. २०२३च्या दुरुस्तीनंतर शिंपलेशेती तटीय जलकृषी प्राधिकरणाच्या कायद्याखाली आली आहे, तिथल्या नोंदणीचं मत्स्य खात्यालाच विचारा. कांदळवनाची फांदीही खांबासाठी तोडू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २००५पासून कांदळवनतोडीवर बंदी घातलेली आहे, आणि हजार चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टाही किनारा नियमन क्षेत्रात जपायचा असतो. शेड, टाकी, शोषखड्डा त्या पट्ट्याबाहेर.

अनुदानाचं थोडक्यात. कांदळवन योजनेत गटाला ९० टक्के आणि एकट्याला ७५ टक्के असं प्रमाण आहे. मत्स्यसंपदा योजनेत महिलांना ६० टक्के. पण खर्च आधी करून मग परतावा, की आधी हप्ता, हे विचारल्याशिवाय खांब विकत घेऊ नका. अनुदान फेब्रुवारीत आलं आणि बी नोव्हेंबरात लावायचं होतं, तर तो हंगाम गेला. म्हणून पहिला एक मांडव गटाच्या अंतर्गत बचतीतून करा आणि अर्ज त्याच्या नोंदी जोडून टाका.

संस्था कोणती हे दोन हंगामांनंतर बघा. बहुराज्य सहकारी संस्थेला प्रत्येक राज्यातले किमान पन्नास सभासद लागतात आणि नोंदणी केंद्राकडे असते. उत्पादक कंपनी दहा उत्पादकांवर होते, तिला राज्याची हद्द आडवी येत नाही. मी दुसरीच निवडेन, पण तेव्हा, जेव्हा टाकीची वही दोन वर्षं नीट भरलेली असेल. ब्रँडचंही तसंच. वेंगुर्ला काजू, गोवा काजू, सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकम यांची भौगोलिक मानांकनं वेगवेगळी आहेत. 'तिन्ही भागांचा एक' असं लेबल लावून त्यात हे शब्द वापरलेत तर हक्काचा प्रश्न येईल. बरणीवर खाडीचं नाव, काढणीची तारीख, मांडवाचा क्रमांक लिहा.

उरलेल्या शिंपांचं काय, हे कुणी विचारत नाही. मालाच्या वजनात मोठा वाटा त्यांचाच. कालवांच्या शिंपा धुऊन उन्हात दोन-तीन महिने ठेवून पुढच्या माळांना वापरा. शिनाण्यांच्या कुटून कोंबडीखाद्यात जातात. खाडीकाठी ढीग केलात तर वास येतो आणि पंचायत पुढच्या वर्षी ना हरकत देत नाही.

आता कारवार. विक्रीसाठी त्यांना आत्ता जोडू नका. मधे अख्खा गोवा आहे, गाडीभाड्यात नफा जाईल आणि त्यांचा माल त्यांना तिथेच खपवता येतो. पण शिकायला जरूर जा, पहिला मांडव घालायच्या आधी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं कारवारला केंद्र आहे. बी लावायच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरच्या आसपास, आधी पत्र पाठवून चार-पाच जणींनी जा. दुसऱ्या दिवशी कुमट्याजवळ अघनाशिनीच्या खाडीत उधाणाच्या ओहोटीची वेळ साधा. ती खाडी २०२४पासून रामसर क्षेत्रात, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत, आहे. तिथे शिंपले काढणाऱ्यांना बसून तीन गोष्टी विचारा: कोणत्या महिन्यात काढत नाहीत, लहान शिंपलं परत टाकतात का, आणि बाहेरचा व्यापारी आला तेव्हा दर कोणी ठरवला. सोबत रिफ्रॅक्टोमीटर न्या, तिथल्या पाण्याचा आकडा घ्या आणि त्याच दिवशी आरोंद्याचा आकडा घरून मागवून शेजारी लिहा.